फेटा ठेवायची जागा

बारामतीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात फुकट ऑपरेशन गरीब म्हाताऱ्यांचंच होतं. दाखला असला तरी शेवटी आतले साहेब माणूस बघून ठरवतात. आणि आमच्याकडची म्हातारी माणसं साहेबांपुढं जायचं म्हणून ठेवणीतलं नेसून येतात, तिथंच नापास होतात.

दाराशी बसणारा कारकून म्हणूनच प्रत्येकाला आधी स्वतः न्याहाळतो. कऱ्हाटीच्या माझ्या चुलत्यांना तो सुपारी चघळत म्हणाला, "आबा, एवढं नटून गरीब हुता येत न्हाय. फेटा हितं ठिवा." मग त्यानंच त्यांच्या सदऱ्याची इस्त्री मुठीत चुरगाळली.

आबा पास होऊन बाहेर आले. तो खुर्चीतून उठला, दोन्ही हातांनी फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"जावा आता. दाराभायेर तुमी गरीब न्हाय."