आवतन दिलं, जेवण राहिलं

आधीच सांगते – मी असल्या गोष्टींची टिंगल करणारी बाई. अंगात येणं, नजर लागणं... माझ्यासमोर कोणी विषय काढला की मी त्याला धुऊनच काढते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

वर्ध्याला पिपरी मेघेत आमचं पेंटचं दुकान आहे. मागच्या वर्षी कंपनीने डीलर लोकांना श्रीलंकेची टूर दिली. नवऱ्याला दुकान सोडवेना, म्हणून मी बाबांना नेलं. बाबा तळेगावचे शेतकरी, आई गेल्यापासून गप्प गप्प. पण तारखा आल्या नेमक्या पोळ्याच्या! बाबांचा जीव चांद्या बैलात अडकलेला. आता शेतात ट्रॅक्टर चालतो, जोडीतला दुसरा बैल मेला, पण हा म्हातारा चांद्या बाबांनी विकला नाही. "रवी करते ना सगळं," मी म्हटलं. रवी माझा भाऊ.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळायचे आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. त्याच दिवशी सकाळी आम्ही त्रिंकोमालीच्या समुद्रात, व्हेल बघायला! छोटी उघडी बोट, लाइफ जॅकेटमध्ये कोंबलेले बाबा.

बोटवाल्याने इंजिन बंद केलं. फुस्सकन फवारा उडाला आणि ती काळीनिळी पाठ वर आली... संपेचना! सगळे मोबाईल काढून ओरडत होते. बाबा मात्र वाकले, हात पाण्यात बुडवला आणि चांद्याला म्हणतात तसंच म्हणाले – "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू फुटलं. "बाबा, त्याले का पुरणपोळी चारता?"

"काऊन? एवढा मोठा जीव जवळ आला, तसाच जाऊ देऊ?"

आणि तो देवमासा वळला. सरळ आमच्या बोटीकडे आला, बाजूला थांबला. त्याने श्वास सोडला, अंगावर शिंतोडे उडाले... आणि वास मासळीचा नाही हो! कुटाराचा, शेणाचा – आमच्या गोठ्याचा. बाबांचे डोळे भरले. "चांद्या," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी रवीचा फोन. "बाबा, चांद्याचे खांदे कोनं चोळले? मी आत्ता लोनी घेऊन आलो, तं आधीच पिवळे. वरून पांढरं वाळून राह्यलं. चाखून पाह्यलं... मीठ हाय."

बाबा उठूनच बसले. "पोरी, उद्या परत बोटीवर चाल. मी आवतन देऊन बसलो त्याले."

टूर मॅनेजरची किती मनधरणी केली! पण बस सकाळीच कँडीला निघणार होती, आम्हा दोघांना मागे ठेवायला तो तयार होईना. पोळ्याच्या दिवशी हॉटेलच्या बुफेत बाबांनी ताटाला हात लावला नाही. तिकडे चांद्यानेही पुरणपोळीला तोंड लावलं नाही. रवी सांगत होता, दिवसभर फाटकाकडे बघत उभा होता.

आम्ही परतलो, तर चांद्याने बाबांकडे पाठ फिरवली. रवीच्या हातचं खायचा, बाबांच्या हातचं नाही. बाबा सरकीच्या ढेपेचं घमेलं घेऊन त्याच्यामागे फिरायचे. "खाय ना रे बाप्पा... चुकलं माह्यं." मला ते बघवायचं नाही. थंडीत चांद्या गेला.

नवरा म्हणतो, घाम वाळला की पांढरं पडतंच. बरं, मान्य. मग हळद कोणी लावली? रवी शपथेवर सांगतो, त्याच्याआधी गोठ्यात कोणी गेलं नव्हतं. आणि बोटीवरचा तो वास?

यंदा बाबांना करमावं म्हणून रवीने नवीन बैल आणला. खांदशेकणीला बाबांनी त्याचे खांदे मन लावून चोळले, पाठ थोपटली, पण पुढे काही बोलेनात.

"बाबा, आवतन द्या ना," मी म्हटलं.

त्यांनी हात धोतराला पुसले. "पहिला पाहुना उपाशी गेला, पोरी. आता याले कोन्या तोंडानं बोलावू?"