माजघरातला डाव

मांडवीतले आमचे शेजारी काका निवृत्त हेडक्लार्क. दर वाक्यामागे "काय?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घातली तेव्हा काकू हटून बसल्या होत्या, "मला जुनीच हवी." म्हणून काकांनी नवीच्या पोटात, एका खिडकीत, जुनी चालती ठेवली. "बाहेर ओटी, आत माजघर. काय?"

त्यांचा जुना प्रिंटर या जुन्या सिस्टीमवर, म्हणजे माजघरातूनच चालतो. आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापायला मी त्यांच्याकडेच जातो. काम झालं की ते ओटी बंद करतात. माजघर मात्र कधीच बंद करत नाहीत. आहे तसं थांबवून ठेवतात, म्हणजे पुन्हा उघडलं की सगळं जिथल्या तिथे.

काल छापून झाल्यावर त्यांनी माजघरातली लेबलांची खिडकी मिटली, तर मागे पत्त्यांचा अर्धा डाव मांडलेला. मला कुठलं गप्प बसवतंय! "काका, इस्पिकची राणी बदामच्या राजावर लागते की."

"दिसतंय रे मला. हात नको लावूस हां."

त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. काकूंना जाऊन वर्ष होत आलं.

"डाव तिचा आहे. काय?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले.