ओसरीचा नावाडी

ठाण्याच्या धर्मशाळेत आम्ही सात एकटे म्हातारे राहत होतो. त्यातल्या एकाने कोलशेतच्या खाडीवर जन्मभर होडी चालवलेली. संध्याकाळी ओसरीवर जमलो की तो नजरेनेच आमची वजनं जोखायचा.

"पंतोजी, तू त्या अंगाला बस. सगली जाडी एकीकडं बसली तं कलंडंल ना!"

ओसरी चांगली दगडी होती. पहिल्या दिवशी मी चिडलो, "अरे, ही काय होडी आहे?"

"बस तं खरा."

बसलो. रोजच बसायला लागलो.

परवा पुतण्या कल्याणहून बैलगाडी घेऊन मला न्यायला आला. मी उठू लागलो, तसा नावाड्याने ओसरीचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मी परत खाली बसलो आणि पुतण्याला म्हटलं, "उभा राहू नकोस. त्या अंगाला बस."