चाकापुढची धूळ

महाराजांचा रथ म्हणजे फुलांनी मढवलेला उघडा टेम्पो. तो चालवायचं काम फुलंब्रीच्या बन्सीचं. महाराजांच्या पायांपर्यंत हात पोचत नाहीत, म्हणून लोक वाकून चाकापुढचीच धूळ कपाळाला लावतात. समोरचं डोकं काचेतून दिसेनासं झालं, की बन्सीचा जीव टांगणीला लागतो. "सरका की! हात जाईल चाकाखाली!" तो सारखा खेकसतो.

आज चिकलठाण्यात एक पदर असाच काचेपुढून खाली गेला. बन्सीनं करकचून ब्रेक दाबला. वर महाराज धडपडले, सेवेकरी बन्सीवरच ओरडले.

कपाळाला धूळ लावून बाई उठली. ती त्याचीच बायको होती, मनकर्णाबाई.

"मरायचं व्हतं काय?"

"रथ तुमीच चालवीत व्हता की," ती म्हणाली, "मग म्या कशाला भिऊ?"