धूलकोटचा कोळी

काल दवाखान्यात नर्सबाईनं सुई टोचायच्या आधी दंडाला स्पिरिट लावलं, अन् त्या वासानं मला सायबाच्या बाटल्या आठवल्या.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. आमच्या डोईफोडिया गावात एक गोरा सायब जमिनीतले कोळी गोळा करून स्पिरिटच्या बाटल्यांत ठेवायचा. बिळाच्या तोंडाशी पांढरं जाळं दिसलं, की माय अन् मी खुरप्यानं हळूहळू खणायचो. कोणता कोळी कोणत्या गावात राहतो, ते त्याला पुस्तकात लिहायचं होतं. एक दिवस सायबाचा मुन्शी म्हणाला, "आता धूलकोटचे आणा."

धूलकोट दोन दिवसांची वाट. माय तापानं फणफणलेली, अन् काम सोडलं तर सायबाकडच्या कुनैनच्या गोळ्या बंद. आम्ही चार दिवस मामाच्या मळ्यात लपलो. माय पडून राहिली, मी तिथल्याच बांधावरचे कोळी खणले.

"धूलकोटचेच ना गं? का घरामागचे उचलले?" मुन्शीनं विचारलं.

"पायाचे फोड बघा ना, मुन्शीजी." फोड खरे होते, पण जुने.

सायबानं गावाचं नाव लिहून चिठ्ठी बाटलीत टाकली. गोळ्या मिळाल्या, माय वाचली.

आता दवाखान्यापर्यंतही चालवत नाही. धूलकोट मी कधी पाहिलंच नाही. सायबाच्या पुस्तकात मात्र मामाच्या बांधावरचा कोळी तिथंच राहत असेल.