आबासाहेबांच्या जीपची को-पायलट

आमच्या गावाहून केजला जाणारी काळी-पिवळी जीप म्हणजे आबासाहेब, आणि आबासाहेब म्हणजे ती जीप. दोघांचाही आवाज खरखरीत. दोघंही सकाळी लवकर गरम होत नाहीत, आणि एकदा गरम झाले की लवकर थंड होत नाहीत.

लहानपणी आबासाहेब भलते पळणारे. ढेकळातून, काट्यातून, ज्वारीच्या धाटांतून वाऱ्यासारखे सुटायचे. त्यांची आई कडूबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला असायची. ती मान वर न करता एकच हाक मारायची, "आब्या." तेवढ्यानं पोराचे पाय जागच्या जागी रुतायचे. पुढं कडूबाई वारली. त्यांना आब्या म्हणणारं माणूस गावात राहिलं नाही. जीप आल्यावर तर लहानथोर सगळेच आबासाहेब म्हणू लागले, आणि ते नाव त्यांच्या अंगावर इस्त्रीच्या सदऱ्यासारखं बसलं.

त्यांच्या घराची नि माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळं त्यांच्या घरात विमानं पडायला लागली, ते आधी मला कळलं.

झालं असं, की जीपचं इंजिन दुरुस्तीला उतरवलं होतं आणि आबासाहेब घरी बसून होते. टीव्हीवर कुस्ती शोधता शोधता त्यांना एक पडलेलं विमान सापडलं. गोरे साहेब हिंदीत बोलत होते. एवढं मोठं विमान पडलेलं, पण कुणी आरडाओरडा करत नव्हतं. पांढऱ्या केसांची माणसं चिखलातून एकेक बोल्ट उचलत होती, पुसत होती, जमिनीवर ओळीनं मांडत होती, पायलटचं शेवटचं बोलणं टेपवर पुन्हा पुन्हा ऐकत होती, आणि विचारलं की म्हणत होती, आत्ताच काही सांगता येणार नाही.

आबासाहेब टीव्हीजवळ सरकून बसले. आपल्याकडं जीप उलटली, की धूळ खाली बसायच्या आत लोक निकाल देऊन मोकळे होतात, की ड्रायव्हर पिलेला होता. आबासाहेबांनी जन्मात दारूला हात लावला नाही, तरी एकदा त्यांच्या गाडीचं चाक नालीत गेलं तेव्हा हाच निकाल लागला होता.

"जाई, हे बघ," ते बायकोला म्हणाले. "ड्रायव्हरची येवढी इज्जत म्या कुटं बघितली न्हाई."

"तो ड्रायव्हर मेला हाय," जाईबाई म्हणाल्या.

"मेला तरी इज्जत हाय."

इंजिन परत बसलं, जीप चालू झाली, पण आबासाहेब बदलून गेले. जिथं काही पडलं, सांडलं, करपलं, तिथं ते चौकशीला हजर. बजरंग आमच्या गावचा शेरडं राखणारा. त्याचा बोकड विहिरीत पडला आणि चार माणसांनी दोर लावून वर काढला, तेव्हा आबासाहेब जीप सोडून तिथं पोचले. "कोणी कशाला हात लावायचा न्हाई," असं म्हणून त्यांनी विहिरीला एक फेरी मारली. बोकड बाजूला उभा राहून अंग झाडत होता.

"पडायच्या आधी ह्याचं शेवटचं बोलणं काय?" त्यांनी बजरंगला विचारलं.

"बकरू हाय ते, आबासाहेब. ब्यँ म्हणलं."

"लांब ब्यँ का आखूड?"

बजरंगनं विचार केला. "मधलं," तो म्हणाला.

चौकशीचा निकाल संध्याकाळी जीपमध्ये जाहीर झाला. काठाला हिरवं गवत होतं, विहिरीला कठडा नव्हता, आणि बजरंग मोबाइलवर रील बघत होता. "एका चुकीनं काय पडत न्हाई," आबासाहेब गिअर टाकता टाकता म्हणाले. "चुका एका लायनीत याव्या लागतात." पॅसेंजर माना डोलवत. भाड्यात ज्ञान फुकट मिळत होतं.

आता जे आबासाहेब सांगत नव्हते, ते सांगतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवस वर आला की भागायचं, पण उन्हं तिरपी झाली की समोर दूध सांडल्यासारखं दिसायचं. त्यांची मुलगी आम्रपाली अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स आहे. तिनं टॉर्च मारून बघितलं होतं आणि म्हणाली होती, "पप्पा, छोटं ऑपरेशन हाय, करून घ्या." आबासाहेब तेव्हापासून अंबाजोगाईच्या रस्त्यालाच जाईनात. त्यांच्या मनात एकच भीती बसली होती. डॉक्टरनं डोळा उघडला, की तो आधी स्टिअरिंग काढून घेणार. आणि जीप गेली तर मागं उरलेल्या माणसाला लोकांनी काय म्हणून हाक मारायची?

जाईबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या रोज भाजीची पाटी घेऊन केजच्या बाजारात बसायच्या, आणि जाता-येता जीपमध्ये पुढं, नवऱ्याच्या बाजूला. त्या बोलायच्या, पण आडून. "आज धुकं लई वाटतंय," म्हणायच्या, आणि बाहेर लख्ख ऊन असायचं. आबासाहेब म्हणायचे, "थंडीचे दिस हाईत." चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, या वळणात त्यांचा जन्म गेला होता. हाक मारायची झाली तर, "आम्रपालीचे पप्पा, ऐकलं का."

अशात आबासाहेबांनी त्या विमानांच्या कार्यक्रमाचा एक भाग बघितला. त्यात विमानात काही बिघाड नव्हता. बाजूला बसलेल्या को-पायलटला डोंगर दिसत होता, पण कॅप्टन पडला मोठा माणूस. को-पायलट नुसतं म्हणत राहिला, साहेब, आज हवा जरा बरी नाही वाटत. साहेब हो म्हणाले, आणि दोघंही डोंगरात गेले.

दुसऱ्या दिवशी भरल्या जीपमध्ये आबासाहेबांनी बायकोला हुकूम दिला. "आजपासून तू को-पायलट. दिसलं की बोलायचं. सरळ. सायेब-बियेब, आडून-बिडून काय न्हाई."

"लोकांम्होरं?"

"लोकांचा जीव हाय म्हणून तर लोकांम्होरं."

जाईबाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "सदरा उलटा घातलाय तुमी."

मागं बसलेल्या दगडाबाईला इतकं हसू आलं, की मांडीवरच्या कोंबडीनं पंख फडफडवले. ही दगडाबाई कोंबड्या विकते आणि जीपमधल्या बातम्या गावभर वाटते.

त्या दिवसापासून जाईबाईंचं तोंड उघडलं. नवऱ्यानंच कुलूप काढून दिलं होतं. "काल सांगितलेली गोष्ट आज दुसरीच सांगताय तुमी." "चहा लोकाचा पिताय, तुमचा कप तिकडं हाय." "त्यो तुमचा पाव्हणा न्हाई, खांब हाय, हात कावून करताय?" पॅसेंजर खूश. आबासाहेबही वरवर खूश, कारण नियम त्यांचाच होता. पण एक गोष्ट जाईबाई अजून सरळ बोलत नव्हत्या. डोळ्यांपाशी आलं की त्यांचं बोलणं पुन्हा वळसा घ्यायचं. जीप गेली तर या माणसाचं काय होईल, ही भीती दोघांनी न बोलता वाटून घेतली होती.

मग ती संध्याकाळ आली. तुरी काढून झालेल्या, माळावरचं गवत पिवळं पडलेलं. केजहून गावाकडं येताना रस्ता मावळतीला तोंड करून चालतो. सूर्य नेमका रस्त्याच्या टोकाला येऊन टेकला होता, तांब्याच्या परातीसारखा. मी मागच्या बाकावर होतो, दगडाबाई माझ्या समोर. वळणापलीकडून बजरंगची शेरडं रस्त्यावर येत होती.

"उजेड लई हाय आज," जाईबाई म्हणाल्या.

"हाय," आबासाहेब म्हणाले, आणि जीप तशीच पळत राहिली.

"आम्रपालीचे पप्पा, म्होरं जरा..."

"रस्ता मोकळा हाय."

मी वाकून बघितलं. रस्ता मोकळा नव्हता. शेरडांच्या मधोमध बजरंग काठी वर करून उभा होता.

"आब्या, दाब ब्रेक."

जाईबाईंचा आवाज मोठा नव्हता. मान वर न करता रानातून हाक मारावी तसा होता. आबासाहेबांच्या डोक्याला काही कळायच्या आत त्यांच्या पायाला कळलं. जीप करकचून थांबली. दगडाबाई माझ्या अंगावर, कोंबडी दगडाबाईच्या डोक्यावर, आणि जाईबाईंच्या पाटीतली उरलेली मेथी सगळ्यांच्या अंगावर. पुढं, बंपरला जवळजवळ नाक लावून, तोच विहिरीतला बोकड उभा होता.

आबासाहेब खाली उतरले. सवय मोठी. "कोणी कशाला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

"माझ्या डोसक्यावर कोंबडी हाय," दगडाबाई म्हणाली.

"कोंबडी काढा. बाकी र्‍हाऊ द्या." ते रस्त्यावर फिरले. टायरची खूण बघितली. "सूर्य तोंडावर. ही एक चूक. वळणाला बोर्ड न्हाई. ही दुसरी. बजरंग, तुझी शेरडं डांबरावर कावून आली? ही तिसरी."

"रोज ह्याच टायमाला येत्यात, आबासाहेब," बजरंग म्हणाला. "बोकडाचं शेवटचं बोलणं विचारू नगा. ब्यँ म्हणायला टाइमच न्हाई भेटला त्याला."

एरवी आम्ही हसलो असतो. आबासाहेब पुन्हा मोजायला लागले. सूर्य, बोर्ड, शेरडं. चौथं बोट उघडेना.

जाईबाई जीपमधून उतरल्या. पदरावरची मेथी त्यांनी झटकली. "कॅप्टनला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् को-पायलटला लई दिवसापासनं म्हाईत व्हतं. ती बोलली न्हाई. ह्या दोन चुका राहिल्या तुमच्या मोजायच्या."

आबासाहेब कितीतरी वेळ बोकडाकडं बघत राहिले. मला वाटतं, त्यांना बोकडही धड दिसत नसावा.

"चौकशी संपली," अखेर ते म्हणाले. "बरोबर हाय निकाल."

जीप चालवणारं दुसरं कुणी आमच्यात नव्हतं. मग असं ठरलं, की पॅसेंजरनी चालत जायचं, बजरंगनं शेरडं पुढं घालायची, आणि जीपनं शेरडांच्या मागं मागं यायचं. तसे आम्ही निघालो. जाईबाई सीटवरून सांगत होत्या, "डावीकडं. खड्डा. आता सरळ." आणि आबासाहेब पहिल्या गिअरमध्ये निमूट ऐकत होते. वेशीतून शिरताना लोकांना वाटलं, कुणाची वरात आली. नवरदेव म्हणून बोकड शोभत होता.

त्याच आठवड्यात आबासाहेब अंबाजोगाईला गेले. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी डॉक्टरला एकच प्रश्न केला, असं आम्रपाली सांगते. "सायेब, तुमच्या बाजूला ही सिस्टर उभी हाय, ती तुमाला सरळ बोलती का?" सिस्टर खुदकन हसली. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी हत्यारं पुन्हा एकदा तपासून घेतली.

पट्टी निघाली तेव्हा समोर जाईबाई बसल्या होत्या. आबासाहेब त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले. खिडकीतून ऊन येत होतं, आणि कितीतरी दिवसांनी ते नुसतं ऊन होतं.

"जाई," ते म्हणाले, "तुझे केस लई पांढरे झालेत की गं. आन् हे तोंडाला काय झालंय, लई सुरकुत्या."

"इतकं सरळ बोलायचं ठरलं नव्हतं," जाईबाई म्हणाल्या.

दुसराही डोळा झाला. डॉक्टरनं स्टिअरिंग काढून घेतलं नाही, उलट कागदावर सही करून परत दिलं. पुन्हा जीप सुरू झाली. आता एकच नवी अडचण आहे. दगडाबाईला आपल्या वस्तीपाशी उतरायचं असलं, की ती मागून हळूच म्हणते, "आब्या," आणि जीप करकचून थांबते. आबासाहेबांनी तिला दोनदा बजावलं आहे, की ते नाव फक्त पुढच्या सीटवरून घ्यायचं.