रोजचा तांब्या

मला झाडांची हौस आहे असं आमच्या काचीगुड्याच्या बिल्डिंगमध्ये कुणी पसरवलं, ते मला आजही माहीत नाही. पण समोरच्या फ्लॅटमधली बाई पीस लिलीची कुंडी दोन्ही हातांनी धरून दारात उभी राहिली, तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

ती गुंटूरकडची. राज्याची वाटणी होऊन आंध्र आणि तेलंगण वेगळे झाले होते आणि तिचं ऑफिस विजयवाड्याला निघालं होतं. सगळी नोकरी हैदराबादेत झालेली, नवरा इथेच वारलेला, मुलगी बेंगळुरूला. लिली तिच्या ऑफिसच्या टेबलावरची. तिकडे एका खोलीत तिघीजणी राहणार, म्हणून झाडाला जागा नव्हती. त्या दिवसांत रिक्षात बसलं तरी इथलं कोण आणि तिथलं कोण यावर बोलणं निघायचं आणि ती बाहेर रस्त्याकडे बघत बसायची. आम्ही मराठी, आम्हाला कुणी विचारत नव्हतं. "इसको जिंदा रखो बस," ती म्हणाली. "मेरा जम गया तो आके ले जाती." मी शब्द दिला. घरात सासूबाई आहेत याचा विचार केला नाही.

सासूबाई परभणीकडचं गाव सोडून आमच्याकडे आल्या होत्या. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, मग चहा, हा त्यांचा जन्माचा नेम. आमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, उन्हाचा पत्ता नाही. कोठीच्या बाजारातून आणलेल्या दोन तुळशी एकीमागून एक वाळल्या. तिसरी आणू नका असं त्यांनीच सांगितलं. आपल्या हातून तुळस जाते हे त्यांना सोसत नव्हतं. मग त्या नुसत्याच चहाला बसायच्या आणि अर्धा कप तसाच ठेवायच्या.

अशात सोफ्याशेजारी लिली आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्यात तांब्याभर पाणी आणि मातीवर हळदीकुंकू.

मी समजावलं. ही तुळस नव्हे, सावलीतलं झाड आहे, वरची माती सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, आठवड्यातून एकदा पुरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सकाळी पुन्हा तांब्या रिकामा केला. "झाडालाबी तहान लागतीच की," त्या म्हणाल्या. वर, तू आठवड्यातून एकदाच पाणी पितेस का, असं मलाच विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे कुंडी काठोकाठ भरत होती. मी ती कपाटावर ठेवली, तर त्या स्टूल ओढायला लागल्या. हातपाय मोडून घ्यायच्या म्हणून कुंडी मीच खाली उतरवली. नवऱ्याला मध्ये घातलं, तर त्याने पेपर तोंडासमोर धरला.

त्यातून लिलीची तऱ्हा अशी, की पाणी कमी झालं तरी मान टाकते आणि जास्त झालं तरी मान टाकते. पानं पिवळी पडली, मातीला कुजका वास यायला लागला. दर शनिवारी समोरची विजयवाड्याहून आपल्या फ्लॅटवर आली की मी कुंडी मोरीजवळ लपवायची. एका शनिवारी तिला ती दिसलीच. कुंकूही दिसलं. तिने एक पिवळं पान खुडून मुठीत घेतलं आणि समोर जाऊन आपलं दार लावून घेतलं. मला भयंकर राग आला. सासूबाईंचा, तिचा, त्या झाडाचा आणि राज्यं वाटणाऱ्यांचासुद्धा.

सासूबाई बदलणार नव्हत्या, तेव्हा मी माती बदलली. चिक्कडपल्लीहून तळाला मोठी भोकं असलेली कुंडी आणली. खाली विटेचे तुकडे, वर जाडी वाळू आणि नारळाचा काथ्या. कुजलेली मुळं कापून टाकली. आता रोजचा तांब्या वरून ओतला की खालच्या थाळीत उतरायचा, तिथून फरशीवर, आणि फरशी पुसायला मी होतेच. पावसाळा सरता सरता नवी पानं आली, मग पांढरं फूल. "म्या म्हनलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. उत्तर द्यायचं मी महत्प्रयासाने टाळलं. त्या मात्र आता पूर्ण कप चहा प्यायच्या.

समोरचीच्या दर शनिवारच्या फेऱ्या महिन्यावर गेल्या, मग सणावर. शेवटी तिला तिकडे वेगळी खोली मिळाली आणि ती फ्लॅट विकून सामान न्यायला आली. मी फुलासकट कुंडी तिच्या हातात ठेवली, शब्द पाळल्याच्या तोऱ्यात. सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तांब्या घेऊन त्या हॉलमध्ये आल्या, फरशीवरच्या गोल डागापाशी थांबल्या आणि पाणी मोरीत ओतून आल्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि तसं वाटतंय याचाही वैताग आला.

पंधराएक दिवसांनी तिचा फोन आला. लिलीने पार मान टाकली होती. पाणी किती घालतेस म्हणून विचारलं, तर दर सोमवारी, पहिल्यासारखंच, ती म्हणाली. त्या वाळूत आठवड्यातून एकदा पाणी घालणं म्हणजे न घालणंच. रोज घाल, मला सांगावं लागलं. इतके दिवस ज्या गोष्टीवरून मी घर डोक्यावर घेतलं, ती माझ्याच तोंडून, आणि सासूबाई शेजारीच बसलेल्या. फोन स्पीकरवर होता. त्यांनी हात पुढे करून तो मागून घेतला.

"रोज डालना मां," त्या म्हणाल्या. "न्हाके डालना, फिर चाय पीना. मैं पूछती सुबू में."

"पूछो अम्मा," पलीकडून ती म्हणाली. "इधर सुबू में कोई कुछ नै पूछता."

तेव्हापासून आंघोळ झाली की सासूबाई तांब्याऐवजी माझा फोन घेऊन स्वयंपाकघरात यायच्या. नंबर त्यांना लावता येत नसे, म्हणून दूध उतू जायच्या बेतात असताना तो मी लावायचा. पाणी घातलं का, फूल आलं का, तू चहा घेतलास का. सकाळच्या घाईत याच्याइतका जाच नव्हता. एकदा तिने फोन उचलला नाही. सासूबाई चहा पुढ्यात घेऊन बसून राहिल्या, साय धरली तरी कपाला हात लावला नाही. मी चिडून म्हटलं, आंघोळीला गेली असेल, घ्या तो चहा.

मग गॅस बंद केला आणि पुन्हा नंबर लावला. ती उचलेपर्यंत चहा मीही घेतला नाही.